पाहणीपंतांचा चेहरा

अबूबकर सारंग यांना मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा माझा अकरा वेळा काढून झाला होता. घोड्यावर, खाडीत, झाडावर, पंगतीत, एकदा तर गवताच्या गंजीत डोकं खुपसलेला. त्यांना न विचारता. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती, हेही खरं.

त्याचं असं झालं. आम्ही आखातात, अल खोरला राहतो. नवरा, म्हणजे श्याम, पहाटे कंपनीच्या बसने प्लांटवर जातो आणि दुपार कलल्यावर येतो. मुलगा मिहीर शाळेत. मी नाशिकची, चित्रकलेची पदवी घेतलेली, आणि गेली नऊ वर्षं घरात बसून इतरांच्या सहलींचे फोटो बघणारी. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सुट्टी लागली की जॉर्जिया, अझरबैजान, श्रीलंका यांचा पाऊस पडतो. प्रत्येक जण त्याच डोंगरासमोर त्याच पोझमध्ये उभा. खाली लिहिलेलं असतं, ‘निसर्गाच्या कुशीत’. एकदा एकाने एकाच धबधब्याचे एकोणचाळीस फोटो टाकले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

कॉलेजात आमच्या सरांनी आम्हाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची विलायती विनोदी प्रवासचित्रं दाखवली होती. तेव्हा तिकडे प्रवासवर्णनांचं खूळ होतं. जो तो चित्रवही घेऊन डोंगर बघायला निघायचा आणि डोंगर नीट मांडलाय की नाही यावर पानंच्या पानं लिहायचा. मग काही खट्याळ चित्रकारांनी या देखावेबाजांची टर उडवणारी पुस्तकं काढली. हाताने रंगवलेली चित्रं आणि त्याखाली कविता. सर सांगायचे की एका जोडगोळीत चित्रकार दर महिन्याला एक चित्र धाडायचा आणि कवी त्यावर ओळी रचायचा. पुढचं चित्र काय असेल हे कवीला ठाऊक नसायचं. दोघं भेटलेलेही नव्हते म्हणे.

मी ठरवलं, आपण हेच करायचं. सन १८१८. कोकणात नवा साहेब आलाय. तो आपल्या कारकुनाला हुकूम सोडतो की जा, मुलूख फिरून ये आणि देखावे कुठे कुठे आहेत त्याची यादी कर. कारकुनाला देखावा म्हणजे काय तेच माहीत नाही. तो बिचारा मरतुकड्या तट्टूवर बसून निघतो. त्याचं नाव मी ठेवलं पाहणीपंत. चित्रं मला येत होती, कविता येत नव्हती. म्हणून मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कुणी यमक जुळवून देईल का?

सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला. ओळी एकाच माणसाने पाठवल्या.

‘मी बाणकोटचा. गणपतीत आमच्या बाजूच्या वाडीच्या जाखडीला गाणी लिवून द्यायचो. समोरच्या पार्टीनं सवाल टाकला की उभ्या उभ्या जवाब रचायचा. चित्र पाठवा, बघतो.’ खाली नाव, अबूबकर सारंग. मी पहिलं चित्र पाठवलं. पंत डोंगराकडे बघतायत आणि तट्टू पंतांकडे. तासाभरात उत्तर आलं:

तट्टू म्हणे मनामध्ये, पंत तुम्ही जरा दमा
देखावा तुमचा होतो, माझ्या पोटाची ना तमा

मी खो खो हसले. लगेच फोन करून त्यांना सरांची ती जोडगोळी सांगितली. आपलाही करार तसाच, म्हटलं. मी चित्र धाडणार, तुम्ही ओळी द्यायच्या, चित्र आवडो न आवडो. आणि गंमत म्हणून जोडलं, की तो विलायतेचा कवी म्हणे कैदेत होता, बसल्या जागी दुसऱ्याचा प्रवास लिहायचा.

ते म्हणाले, “मग जमंल मना.”

मला वाटलं, विनोद केला.

चेहऱ्याची गोष्ट इथेच येते. पंतांना चेहरा हवा होता. अबूबकरभाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो समोर होता. लांब नाक, आत गेलेले गाल, पुढे आलेली हनुवटी, आणि कुणीतरी आत्ताच चिमटा काढल्यासारखे डोळे. असा चेहरा चित्रकाराला आयता मिळत नाही. मी फोटोतली दाढी उडवली, पागोटं घातलं आणि खलास. त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण दुसऱ्याच चित्राला त्यांनी लिहिलं, ‘ताई, पंत आमच्या चुलत्यावर गेलाय.’ मी हसण्याचा चेहरा पाठवून मोकळी झाले.

पंतांची स्वारी जोरात निघाली. दर गुरुवारी ग्रुपवर चित्र पडायचं. देखावा नीट मावावा म्हणून पंत मागे सरकत सरकत खाडीत पडतात, त्या चित्राला ओळी आल्या:

मागे मागे पंत सरे, डोंगर मावेना डोळा
खाडी म्हणे या ना घरी, केला पागोट्याचा गोळा

जॉर्जियावाल्यांनी स्वतःला ओळखलं नाही आणि सगळ्यात जास्त तेच हसले. चित्रं ग्रुपमधून बाहेर गेली, दुबईला गेली, मुंबईला गेली. खाली दोघांची नावं असायची. मी हवेत होते. नऊ वर्षांनी मला कुणीतरी श्यामची बायको सोडून दुसऱ्या नावाने ओळखत होतं.

मंडळाच्या कार्यक्रमांना मात्र अबूबकरभाई कधी आले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, “इन्शाल्ला, बघू.” मला ते मानी वाटले. श्याम म्हणाला, “त्यांना काम असेल गं, सगळे तुझ्यासारखे रिकामे नसतात.” या वाक्यावर मी दोन दिवस बोलले नाही.

नवव्या चित्रात पंत एका सरदाराच्या घरी पाहुणचार झोडतायत. पाटावर मांडी ठोकलेली, समोर ताट, आणि मागे एक देखणी तरुणी पंख्याने वारा घालते आहे. ती मी जरा जास्तच मन लावून काढली होती. ओळी अशा:

आंबरस वाटी वाटी, वारा घाली कोणी नार
पंत म्हणे घरी जाऊ, घाई काय आहे फार

हे चित्र आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त फिरलं. त्यानंतर मी आणखी दोन चित्रं टाकली. त्यांच्याही ओळी आल्या, पण जरा सुक्या. मला वाटलं, गडी दमला असेल.

मग एका मंगळवारी सकाळी भारतातून फोन आला. नंबर अनोळखी, आवाज बाईचा.

“तुमीच काय ती चित्रावाली?”

मी म्हटलं, हो, मी विभावरी.

“मी आबिदा. बाणकोटशी बोलतंय. अबूबकरची घरवाली.”

मी आनंदाने काहीतरी बोलायला गेले. त्यांनी बोलू दिलं नाही.

“बाई, चार वर्सं झाली, मानूस घरी आला नाय. दर म्हयन्याला सांगतात, पुडल्या म्हयन्यात येतंय. आनि तुमी तितं चित्रं काडताव, मानूस घोड्यावर बसून फिरतोय, खातोय, पितोय, बाया वारा घालतात. घरी जायची घाई नाय म्हने. सगल्या मोहल्ल्यान् बगितला. मना बोलतात, आबिदा, तुजा दादला त्या देशात दुसरा घर करून बसलाय, त्याच्याच तोंडचा लिवलेला हाय. मी काय सांगू लोकांना? तो चेरा त्यांचा हाय का नाय, एवडा फकत सांगा.”

मी म्हटलं, “चेहरा त्यांचा आहे, भाभी. पण तो मी काढलाय. बाकी सगळं खोटं आहे, १८१८ सालातलं आहे.”

“वारा घालनारी पन खोटी?”

“ती तर शंभर टक्के खोटी.”

“मग मानूस घरी का येत नाय?”

त्यांनी फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात उभी राहून आधी रडले आणि मग मला भयंकर राग आला. माझ्यावर यायला हवा होता, पण तो अबूबकरभाईंवर आला. हा माणूस चार वर्षं बायकोला झुलवतो, आणि बोल मी ऐकायचे?

शुक्रवारी सकाळी श्यामला गाडी काढायला लावली. अबूबकरभाई बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत राहतात एवढं मला ठाऊक होतं. अल खोरहून तिथे जाणं म्हणजे अर्धा देश उभा ओलांडणं. वाटेत श्याम म्हणाला, “नीट बोल. आधी ऐकून घे.” मी म्हटलं, “मी नेहमी ऐकूनच घेते.” त्यावर त्याने रेडिओ लावला.

बरवा म्हणजे एकासारख्या एक इमारतींच्या रांगा. सगळीकडे बाल्कन्यांना वाळत घातलेले निळे आणि केशरी कामाचे डगले. शुक्रवार म्हणून खाली गर्दी होती. अबूबकरभाई गेटपाशी येऊन थांबले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला. माझ्या चित्रापेक्षा ते पुष्कळ म्हातारे होते. हनुवटी तेवढी मी अचूक काढली होती.

“यल्ला, या या, ताई,” म्हणत त्यांनी आम्हाला चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसवलं आणि तीन करक चहा सांगितले. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. आबिदाभाभींचा फोन जसाच्या तसा सांगितला आणि विचारलं, “तुम्ही घरी का जात नाही?”

त्यांनी श्यामकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “जायला देत नाय म्हनून.”

ते एका लहान कंपनीत स्टोअरकीपर होते. एसीचे पत्रे, मोटारी, तांब्याच्या नळ्या असला माल. गोदामात काय आलं, काय गेलं, यावर सही त्यांची. कंपनी डबघाईला आली, मालक परदेशी निघून गेला आणि मोजणी झाली तेव्हा निम्मा माल जागेवर नव्हता. मालकानेच ट्रक लावून हलवला होता, असं अबूबकरभाई म्हणतात. पण त्या दिवशीच्या कागदावर सही यांची, कारण मालक म्हणाला सही कर आणि यांनी केली. अठरा वर्षं करत आले होते. मालकाच्या भागीदाराने केस टाकली. निकाल लागेपर्यंत देश सोडता येत नाही. मालक साक्षीला येत नाही, म्हणून तारीख पुढे जाते. दुसरी नोकरीही धरता येत नाही. गावाकडच्या एका ओळखीच्याने खोलीत एक खाट दिली आहे.

“अडीच वर्सं झाली. त्याच्या आदी दीड वर्स मालकानं सुट्टी नाय दिली. हितनं कोर्ट आनि कोर्टातनं हितं. तुमचा पंतच काय तो फिरतो. गुरवारी चित्र आला का मी पन जरा जाऊन येतो.”

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्या कैदेतल्या कवीची गंमत मी याच माणसाला खिदळत सांगितली होती. चहा समोर निवत होता आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

श्यामने विचारलं, “वहिनींना का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? चोरीची केस हाय म्हनून? आमचा घराना बोटीवरचा. माज्या बापाच्या हातात लोक आपल्या पेट्या कुलूप न लावता द्यायची. एकदा का नावाला चोर लागला, तर निर्दोष सुटलो तरी निगनार नाय. पोरगीच्या सोयरिकी येतायत. हनियाचा बाप चोर, असा बोलतील.”

“आणि आत्ता काय बोलतायत ते ऐकलंत ना?” मी म्हटलं.

“ऐकलंव. नवव्या चित्रानंतर ती माज्याशी बोललीच नाय.” ते बाकाची कड नखाने खरवडत राहिले. “ह्या बाजूला बायको जाते, त्या बाजूला इज्जत. मदी मी बसलोय. तुमी तिना सांगायचा नाय, ताई. कसम हाय तुमाला.”

मी शब्द दिला. द्यायला नको होता. परत येताना गाडीत मी खिडकीबाहेर वाळू बघत बसले. श्यामनेही रेडिओ लावला नाही. आता मीही त्यांच्यासोबत अडकले होते. आबिदाभाभींचे दोन मेसेज येऊन पडले होते आणि मला खरं सांगता येत नव्हतं, खोटं सांगवत नव्हतं.

बुधवारपर्यंत मी काहीच काढलं नाही. मग बसले आणि एका बैठकीत चित्र केलं. खाडीचा काठ. तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, लागलेली आहे. माणसं, बकऱ्या, बोचकी, सगळी चढून बसली आहेत. एक जागा रिकामी आहे. पंत काठावर उभे आहेत, त्यांच्या घोट्याला दोर बांधलेला आहे आणि दोराचं दुसरं टोक चित्राच्या चौकटीबाहेर गेलं आहे. तोंड मी पहिल्यांदाच समोरून काढलं. त्यात विनोद नव्हता. तेच त्यांना धाडलं.

मी काय करते आहे हे मला पुरतं माहीत होतं. करार होता. चित्र आलं की ओळी द्यायच्याच, चित्र आवडो न आवडो. शब्द मी मोडला नव्हता, पण त्यांना कोपऱ्यात नक्की गाठलं होतं. हे बरोबर होतं का, असं कुणी विचारलं तर मी आजही चिडते.

गुरुवार गेला. ग्रुपवर लोक विचारू लागले, पंत कुठे आहेत? शुक्रवार गेला. शनिवारी मी तीन वेळा फोन उचलून खाली ठेवला. वाटलं, माणूस तुटला आपल्यामुळे. रविवारी सकाळी मिहीरचा डबा भरताना फोन वाजला. ओळी आल्या होत्या, जाखडीच्या सवाल-जवाबासारख्या लांबलचक, चोवीस ओळी. सगळ्या इथे देत नाही. काही देते:

पैलतीरी माझे घर, दिसे चुलीचा गं धूर
तरीवाला म्हणे बस, निकाल रे तुझा दूर

माल गेला कोठारीचा, सही माझी कागदाला
चोर कोण देव जाणे, दोर माझ्या या पायाला

वारा घालणारी नार, ताईंच्या कुंचल्यातली
माझ्याकडे खाट एक, तीही उसनी घेतली

खाली एकच शब्द होता. ‘टाका.’

मी फोन करून विचारलं, “नक्की?” ते म्हणाले, “जाखडीत सवाल आला आनि जवाब नाय दिला, तर पार्टी हरते, ताई. टाका तुमी. पन ह्या वेळी खाली लिवा, पंताचा चेरा अबूबकर सारंगचाच हाय.”

मी तसं लिहून टाकलं. ग्रुपवर कुणी हसलं नाही. कुणी धबधबाही टाकला नाही. आबिदाभाभींच्या मेसेजांना उत्तर म्हणूनही तेच धाडलं. संध्याकाळी त्यावर निळ्या खुणा झाल्या.

चार दिवस भाभींकडून काहीच आलं नाही. शुक्रवारी आम्ही पुन्हा बरवाला गेलो. या वेळी मी सोबत शेवयांची खीर नेली होती, रिकाम्या हाताने कसं जाणार म्हणून. अबूबकरभाई त्याच बाकावर बसले होते. शर्ट तोच, पण इस्त्री नव्हती. मोहल्ल्यातून दोघातिघांचे फोन येऊन गेले होते. एक चुलता म्हणाला, नाव बुडवलंस. हनियाच्या एका सोयरिकीकडून निरोप आला होता की आता घाई नाही. ते हे सगळं शांतपणे सांगत होते आणि मला ती खीर कुठे लपवू असं झालं होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि घाईघाईने बोट फिरवलं. उचलताना स्पीकर चालू झाला, तो त्यांना बंद करता येईना. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली.

“ऐकताव काय?” आबिदाभाभी म्हणाल्या.

“हां.”

“इतकी वर्सं मना का नाय सांगलाव?”

“लोक चोर म्हनले असते, आबिदा.”

“म्हनतात. सोमवारपासनं म्हनतात. मच्चीवालीन् पन इचारला मना आज.” आवाज जरा अडखळला, मग खणखणीत झाला. “म्हनूदेत. चोराच्या बायकोना वाट बगता येते. टाकलेल्या बायकोनी कुनाची वाट बगायची? चार वर्सं मी दारात उबी रवायला लाजत होती. आता उबी रवतंय. बोलूदेत कोन काय बोलतात ते.”

अबूबकरभाईंनी डोळ्यांवर हात धरला. आजूबाजूला माणसं चहा पीत होती, कुणी बघितलं, कुणी नाही. ते पुष्कळ वेळ रडले आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“पुडली तारीक कदी हाय?” मग भाभींनी विचारलं.

“काय करतेस त्या तारकंचा? पुडं जाईल ती.”

“जाऊदे. गेली का पुडची सांगायची. मी कॅलेंडरवर लिवतंय. बोला.”

“अकरा,” अबूबकरभाई म्हणाले. चार वर्षांत त्यांनी बायकोला दिलेली ही पहिली खरी तारीख होती.